बोलणारा पियानिस्ट: ‘ओपस कॉन्ट्रा नातुराम’ बसवायचं कसं

ब्रिटिश संगीतकार ब्रायन फर्नीहो यांचं ‘ओपस कॉन्ट्रा नातुराम’, म्हणजे पियानिस्टनं वाजवता वाजवता बोलायची रचना, बसवायला घेतलेले बहुतेक जण एकाच जागी अडकतात. आधी कित्येक महिने फक्त बोटं तयार करतात. नोट्स जमल्या, लय बरीचशी जमली, आणि कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला की वरून शब्द ठेवायला जातात. शब्द तोंडात आले की हात विस्कटतात. हात सावरले की बोलणं एकसुरी होतं, नाहीतर पुटपुटण्यावर येतं. मग ‘हे अशक्यच लिहिलंय’ असं म्हणून काही जण शब्द कमी करतात, काही जण ते आधी ध्वनिमुद्रित करून वाजवतात. दोन्हींत रचनेचा जीव जातो.

चूक क्रमाची असते. या रचनेत बोलणं हा तिसरा हात आहे आणि तो पहिल्या दिवसापासून तयार करावा लागतो. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. पियानिस्टला बोलायला लावणाऱ्या दुसऱ्या रचनांनाही तो चालतो.

## हातात नेमकं काय घेतलंय

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांच्यावर फर्नीहो यांनी ‘शॅडोटाइम’ हा सात दृश्यांचा ऑपेरा लिहिला. संहिता अमेरिकन कवी चार्ल्स बर्नस्टीन यांची, पहिला प्रयोग मे २००४ मध्ये म्युनिकला. नाझींपासून पळताना सप्टेंबर १९४० मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पोर्तबू गावी बेन्यामिन यांचा मृत्यू झाला. ऑपेरा तिथून सुरू होतो. चौथ्या दृश्यात त्यांची छाया पाताळात उतरते, आणि हे अख्खं दृश्य एकट्या पियानिस्टच्या हवाली आहे. तेच ‘ओपस कॉन्ट्रा नातुराम’, ‘बोलणाऱ्या पियानिस्टसाठी छायानाट्य’. ते स्वतंत्र मैफलीतही वाजवतात. शीर्षक किमयागारांच्या परिभाषेतून आलं आहे: निसर्गाच्या विरुद्ध जाणारं काम.

बसवायला सुरुवात करण्यापुरतं एवढं पुरे. बाकीचं वाचन दुसऱ्या टप्प्यात येईल, आणि तेही बेतानंच.

## टप्पा १: बाकावर बसण्याआधी

स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, विकत घ्या. फर्नीहो यांची प्रकाशनसंस्था एडिशन पीटर्स आहे. नोटेशन इतकं दाट असतं की पुसट प्रतीत ठिपका, टाय (दोन नोट्स जोडणारी कमान) आणि कंसावरचा आकडा यांत गफलत होते आणि तीच चूक बोटांत बसते. जाहीर कार्यक्रम ठरवत असाल तर सादरीकरणाची परवानगी आणि तिच्या अटी प्रकाशकांकडून आधीच लेखी विचारून घ्या. यात संगीताबरोबर शब्दही आहेत, हे विसरू नका.

हिशोबाची वेगळी वही करा. सगळी गणितं स्कोअरवर लिहिली तर महिन्याभरात मूळ चिन्हं दिसेनाशी होतात. स्कोअरवर फक्त उभ्या रेघा (त्या टप्पा ४ मध्ये येतील), फिंगरिंग (कोणतं बोट कुठे) आणि श्वासाच्या खुणा असाव्यात.

वाद्य तपासा. अपराइटवर (उभ्या पियानोवर) एकच पट्टी वेगानं पुन्हा पुन्हा वाजवण्याला मर्यादा असते, कारण पट्टी बरीचशी वर आल्याशिवाय हातोडी पुढच्या ठोक्याला तयार होत नाही. ग्रँडमध्ये (आडव्या, मोठ्या पियानोत) ती अर्ध्यावरूनही उचलते. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात लाकूड आणि फेल्ट ओल धरतात आणि पट्ट्या जड होतात. सरावाला अपराइट किंवा डिजिटल पियानो चालेल, पण शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी ग्रँड मिळेल अशी सोय आधीच लावा.

पुरेसा वेळ धरा. आधुनिक संगीत वाजवायची सवय असेल तर रोज दोन तास धरून सहा महिने. पहिल्यांदाच असं काही घेत असाल तर वर्ष. पियानोच्या परीक्षांतली ग्रेड आठ नुकतीच पार केली असेल तर हे आत्ता घेऊ नका. आधी फ्रेडरिक झेव्स्की यांचं ‘डे प्रोफंडिस’ पाहा. १९९२ ची ती रचना ऑस्कर वाइल्ड यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रावर आहे. तिच्यातही पियानिस्ट बोलतो, गुणगुणतो, शीळ घालतो, अंगावर आणि पियानोच्या लाकडावर थाप मारतो, पण लयीचं लिखाण बरंच मोकळं आहे. बोलत वाजवण्याची सवय तिथे लागते.

> तपासणी: पहिलं पान समोर ठेवा. प्रत्येक चिन्हाचा अर्थ तोंडी सांगता येतो का? एकही चिन्ह ‘पुढे बघू’ म्हणून सोडलं असेल तर टप्पा २ वर जाऊ नका.

## टप्पा २: शब्द, पियानोविना

पहिले तीन आठवडे झाकण बंद. विद्यार्थ्यांना हे सर्वांत जड जातं, आणि ज्यांनी हे केलं नाही त्यांना पुढे परत इथेच यावं लागलेलं मी पाहिलं आहे.

१. स्कोअरमधला सगळा मजकूर हातानं कागदावर उतरवा. कोणत्या पानावरचा शब्द आहे तेही लिहा.

२. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि उच्चार शोधून काढा. ‘साधारण असं असेल’ यावर भागवू नका. परक्या भाषेतलं नाव किंवा संज्ञा आली तर ती भाषा येणाऱ्याकडून ऐकून घ्या.

३. शब्दांचे दोन गट करा. एक, नेमक्या स्वरावर किंवा मात्रेवर बांधलेले. दोन, आसपास मोकळे सोडलेले. दोन रंगांनी खुणा करा. हा भेद न करता सगळंच ताठ लयीत म्हणणं ही नेहमीची चूक.

४. श्वासाच्या जागा ठरवा. हा श्वास बोलण्यासाठी आहे तसाच वाजवण्यासाठीही आहे. हातांच्या मोठ्या झेपेच्या ऐन आधी श्वास ठेवला तर झेप आणि पुढचा शब्द दोन्ही बिघडतात. झेपेच्या जरा आधी श्वास घ्या आणि झेप सोडत्या श्वासावर करा.

५. रोज आवाज मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर कान माफ करतो.

इथे आपल्या बोलण्याच्या सवयीचा मुद्दा येतो. मराठीत अक्षरांचं वजन बरंच समान असतं. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि आजूबाजूची अक्षरं आक्रसतात. ‘शॅडोटाइम’ची संहिता इंग्रजीत आहे. मराठी वळणानं ती वाचली की प्रत्येक अक्षर सारख्या अंतरावर पडतं, वर पियानोच्या लयीचा दाब आला की ते आणखी सारखं होतं, आणि बोलणं मेट्रोनोमसारखं, म्हणजे ठोके मोजणाऱ्या यंत्रासारखं, ऐकू येतं. उपाय सोपा आहे. वाक्यातली जोराची अक्षरं अधोरेखित करा, फक्त तेवढीच मोठ्यानं म्हणा, मग मधली भरा. उच्चाराचा आपला ढंग लपवण्याची काही गरज नाही. परदेशी ढंग उसना आणला तर तो हात गुंतले की गळून पडतो आणि अर्ध्या वाक्यात दोन माणसं बोलत असल्यासारखं होतं.

शब्दाच्या शेवटची व्यंजनं मात्र नक्की वाजली पाहिजेत. बोलण्याच्या आवाजाचा पाया पुरुषांत साधारण १०० ते १५० हर्ट्झ आणि स्त्रियांत २०० हर्ट्झच्या आसपास असतो. पियानोवरचा मधला सी सुमारे २६२ हर्ट्झवर आहे. म्हणजे डावा हात आणि तुमचे स्वर एकाच गल्लीत चालतात आणि पियानो जिंकतो. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः ट, क, स, प अशा व्यंजनांमुळे, कारण त्यांची धार बऱ्याच वरच्या पट्ट्यात असते. तिथे पियानोची गर्दी कमी असते.

वाचन किती करावं? बेन्यामिन यांचं इतिहासाच्या संकल्पनेवरचं १९४० चं टिपण वाचा, ते छोटं आहे. पॉल क्लेच्या चित्रातला देवदूत तिथे आहे: तोंड भूतकाळाकडे, पाठ भविष्याकडे, आणि डोळ्यांसमोर वाढत जाणारा ढिगारा. याचा वाजवण्याशी थेट संबंध आहे. बेन्यामिन यांना जग तुकड्यांत दिसतं आणि ते तुकडे ते गुळगुळीत जोडत नाहीत. म्हणून या रचनेत एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना आपल्याला लागलेली रोमँटिक सवय, म्हणजे जरा मंदावून, पेडल देऊन सांधा झाकणं, इथे चालत नाही. सांधा दिसला पाहिजे.

> इशारा: नाटकी आवाज लावू नका. या टप्प्यावर अभिनय बसवला तर तो एकाच वेगाला चिकटतो आणि पुढे लय बदलता येत नाही. शब्द स्वच्छ, अर्थ कळून, साध्या आवाजात.

> तपासणी: कपड्यांच्या घड्या घालताना किंवा जिना चढताना संपूर्ण मजकूर न अडखळता म्हणता येतो का? हात-पाय दुसऱ्या कामात असताना शब्द टिकले तरच ते पियानोवर टिकतील.

## टप्पा ३: लयीचा हिशोब

फर्नीहो यांच्या लिखाणात कंसात कंस असतात: चाराच्या जागेत पाच, आणि त्या पाचांतल्या तिघांच्या जागेत चार. बघून माणूस घाबरतो आणि ‘अंदाजानं दाट वाजवू’ असं ठरवतो. तसं करू नका. यात गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं गणित नाही.

एक नमुना मी सोपे आकडे घेऊन बनवला आहे. क्वेव्हर (पूर्ण नोटेचा आठवा भाग) मिनिटाला ६०, बार (लयीचा एक कप्पा) चार क्वेव्हरचा, म्हणजे बार ४ सेकंदांचा.

चाराच्या जागेत पाच: वेग ६० गुणिले पाच भागिले चार, म्हणजे ७५. एकेक नोट ०.८ सेकंदाची.

त्यातल्या शेवटच्या तीन नोटांच्या जागेत चार: ७५ गुणिले चार भागिले तीन, म्हणजे १००. एकेक नोट ०.६ सेकंदाची.

म्हणजे हा बार असा झाला: दोन नोट्स ७५ च्या वेगानं, मग चार नोट्स १०० च्या वेगानं. बारच्या सुरुवातीपासून नोट्स ०, ०.८, १.६, २.२, २.८ आणि ३.४ सेकंदांवर पडतात. कंसांचा डोंगर होता तिथे आता दोन वेग उरले.

ज्यांनी तबला किंवा पखवाज थोडाही शिकलाय त्यांना यात अनोळखी काही नाही. दोनात तीन म्हणजे आड, चारात सात म्हणजे बिआड. चारात पाचाला अनेक जण कुआड म्हणतात. ती व्याख्या सगळीकडे एकच नाही, पण काम तेच. तबल्याचा विद्यार्थी बोल आधी हाताने टाळी देत म्हणतो, पढंत करतो, मग वाजवतो. पियानो शिकणारे ही पायरी गाळतात आणि थेट पट्ट्यांवर मोजायला बसतात. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या पियानिस्टनं इथे पढंतच करावी.

वरचा बार दाक्षिणात्य तालाच्या अक्षरांनी असा म्हणा:

१. चार टाळ्या सारख्या द्या आणि त्यांच्यावर ‘तकतकिट’ बसवा, पाच अक्षरं सारखी. पहिलं अक्षर पहिल्या टाळीवर, बाकी चार टाळ्यांच्या मध्ये कुठेतरी. दहा आवर्तनं न हलता व्हायला हवीत.

२. टाळ्या थांबवा. फक्त ‘तकिट’ घ्या, आणि तेवढ्याच वेळात ‘तकदिमि’ म्हणा. तीनच्या जागेत चार. आलटून पालटून म्हणा.

३. आता टाळ्यांवर ‘तक तकदिमि’. ‘तक’ आधीच्याच वेगानं, ‘तकदिमि’ दाटून. दुसरा ‘त’ दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीच्या मध्ये, तिसरीच्या थोडा जवळ पडतो. पुढच्या बारची पहिली टाळी आणि पहिलं अक्षर एकत्र आले की हिशोब बरोबर.

फर्नीहो यांच्या लिखाणात बारच्या खुणेत खाली १० किंवा १२ असे छेदही भेटतात. घाबरू नका. खालचा आकडा म्हणजे सेमीब्रीव्हचे, म्हणजे पूर्ण नोटेचे, किती भाग. क्वेव्हर ६० असेल तर सेमीब्रीव्ह ८ सेकंदांची. तिचा दहावा भाग ०.८ सेकंद, वेग ७५. बारावा भाग दोन-तृतीयांश सेकंद, वेग ९०. म्हणजे अशा बारमध्ये वेग बदलतो, एवढंच.

वहीत प्रत्येक बारसमोर वेगांची साखळी लिहा: ६०, ७५, १००. संपूर्ण रचनेची ही यादी करायला बसलं तर आठवडे लागतात. लागू द्या. ती यादी झाली की रचना तुमच्या ताब्यात येऊ लागते.

अचूकता किती हवी, हा प्रश्न नेहमी येतो. माझं उत्तर असं: शेजारशेजारच्या वेगांतला फरक ऐकू आला पाहिजे. १०० च्या जागी ९६ झालं तर बिघडत नाही. पण ७५ आणि १०० दोन्ही सरकून ८५ वर आले तर लिहिलेलं संगीत उरलंच नाही. आणि हे सरकणं बोलायला लागल्यावर सर्वांत जास्त होतं.

> इशारा: संगणकावर लय टाकून ती ऐकत पाठ करू नका. एखाद्या बारची खात्री करायला दोनदा ऐका, मग बंद. नाहीतर आकडे बरोबर येतात पण वाक्याला वळण राहत नाही.

> तपासणी: तुमची पढंत मुद्रित करा आणि ध्वनी संपादनाच्या कोणत्याही साध्या प्रणालीत लहरींचं चित्र पाहा. अक्षरांची सुरुवात सेकंदांत मोजता येते. वरच्या नमुन्यात तिसरं अक्षर १.६ सेकंदांच्या आसपास हवं. १.९ वर येत असेल तर तुम्ही नकळत टाळीची वाट पाहताय.

## टप्पा ४: हात

आता झाकण उघडा. हा टप्पा थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना हा येतो. फक्त तो पहिला टप्पा समजू नये.

बार मोजून तुकडे पाडू नका. एका हालचालीत बसणारा तुकडा घ्या, मग तो दीड बार असो वा पाऊण. फिंगरिंग संथ वेगात ठरवताना हात अंतिम वेगात कसा सरकेल ते बघून ठरवा. संथ वेगात सोयीची बोटं वेगात अडकतात.

दोन्ही हातांच्या लयी वेगळ्या असतील तर त्या वेगळ्या पक्क्या करून मग ‘एकत्र वाजवून बघू’ असं करू नका. कोणत्या क्रमानं पडतात ते लिहा. उजवीकडे चारात पाच, डावीकडे सरळ चार असेल तर क्रम असा: दोन्ही, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. मधल्या जागा सारख्या नसतात: पहिल्या एकट्या उजव्यानंतर डावा लगेच येतो, शेवटच्या डाव्यानंतर उजवाही लगेच, आणि अगदी मधली दोन अंतरं सारखी. स्कोअरवर एकत्र पडणाऱ्या ठिकाणी उभी रेघ मारा. पुढे घसरलात तर परत येण्याच्या जागा याच.

आवाजाच्या खुणा, म्हणजे कुठे पियानिसिमो (अगदी हलकं), कुठे अचानक जोर, कुठे स्टॅकाटो (तुटक), पहिल्याच दिवसापासून नोट्सबरोबर शिका. ‘आधी नोट्स, रंग नंतर’ हे इथे चालत नाही. वजन बदललं की बोटाची हालचालच बदलते आणि शिकलेलं पुन्हा शिकावं लागतं.

> इशारा: कठीण जागी श्वास रोखला जातो आणि जबडा आवळला जातो. एकट्या पियानोत ते खपून जातं. इथे पुढच्याच क्षणी बोलायचं असतं. हात शिकताना ओठ किंचित उघडे ठेवा आणि श्वास चालू आहे ना, याकडे लक्ष द्या.

## टप्पा ५: जोडणी

सगळा मामला इथे ठरतो. घाई केलीत तर मागचे महिने वाया जातात.

पेटीवर स्वतःच्या गाण्याला साथ करणाऱ्यांना वाटतं की हे आपल्याला सोपं जाईल. उलट होतं. पेटीवर बोटं आवाजाच्या मागून जातात, दोघांची वाट एकच असते. इथे आवाज आणि बोटं वेगळ्या वाटांनी जातात आणि तरी एका माणसाची असतात. ती जुनी सवय सोडायला वेळ लागतो. मनात चडफडू नका.

एक तुकडा म्हणजे एक श्वास. त्यापेक्षा मोठा घेऊ नका. प्रत्येक तुकडा या पायऱ्यांनी न्या:

१. बोला, आणि मांडीवर फक्त मूळ मात्रा द्या.

२. बोला, आणि टेबलावर दोन्ही हातांची लय वाजवा. नोट्स नाहीत, फक्त लय. शब्दांचा जोर आणि हातांचा जोर वेगवेगळ्या जागी पडतात का पाहा. हळूहळू शब्दांचा जोर हाताच्या ठोक्यावर येऊन बसतो. तसं झालं की थांबा आणि पहिल्या पायरीवर परत या.

३. पियानोवर डावा हात आणि बोलणं.

४. उजवा हात आणि बोलणं.

५. दोन्ही हात, ओठ हलवायचे पण आवाज नाही.

६. दोन्ही हात, कुजबुजत.

७. पूर्ण आवाज.

पाचवी आणि सहावी पायरी गाळू नका. तिथे जबडा, जीभ आणि श्वास हातांशी जुळतात, आवाजाची काळजी न करता. माझ्या पाहण्यात जे तुकडे शेवटपर्यंत डळमळले ते बहुधा याच पायऱ्या गाळलेले होते.

तुकडे रचनेच्या शेवटापासून जोडत मागे या. सुरुवातीपासून जोडलं की पहिली दोन पानं शंभरदा वाजतात आणि शेवटची पानं दहादा, आणि शब्द-हातांची सर्वाधिक थकवा आणणारी जुळणी नेमकी अपुऱ्या सरावावर पडते. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर बोलू नका. घसा कोरडा पडला की माणूस आवाज वरच्या पट्टीत ढकलतो, आणि ती पट्टी सवयीची होते.

घसरलात तर काय सोडायचं, हे आधी ठरवा. रंगमंचावर कधीतरी एखादा थर, म्हणजे बोलणं किंवा एक हात, सुटणारच. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. माझा क्रम असा आहे: बोलणं चालू राहील, उजवा हात शक्य तेवढा चालेल, डावा सोडायचा आणि पुढच्या उभ्या रेघेवर परत घ्यायचा. काही जागी डाव्या हातातच मुख्य गोष्ट असेल तर तिथे उलटं. पानोपानी हे लिहून ठेवा आणि मुद्दाम सोडून परत येण्याचा सरावही करा.

> इशारा: मोठ्या आवाजाच्या जागी ओरडू नका. ओरडलं की आवाज चढतो, शब्द चिरतात आणि तरीही ऐकू येत नाहीत. आवाज तोच ठेवून व्यंजनं टोकदार करा. बाकीचं काम मायक्रोफोनचं.

> तपासणी: ही रचना न ऐकलेल्या एका माणसाला पाठीमागे बसवा आणि ऐकू आलेले शब्द लिहायला सांगा. ज्या जागी कागद कोरा राहतो त्या जागा पुन्हा पाचव्या पायरीवर न्या.

## टप्पा ६: वेग

मेट्रोनोम दर दिवशी दोन अंकांनी वाढवत नेण्याची पद्धत इथे फसते. बोलण्याला नैसर्गिक वेगाची मर्यादा असते. फार संथ केलं तर वाक्य वाक्य राहत नाही, आणि तुम्ही महिनाभर वाक्याचं प्रेत पाठ करता. म्हणून हातांचा संथ सराव बोलण्याविना करा. बोलण्यासकट वाजवायचं तेव्हा ठरलेल्या वेगाच्या साधारण दोन-तृतीयांशाच्या खाली जाऊ नका. जमत नसेल तर तुकडा आणखी लहान घ्या. अर्धं वाक्य, पण वेगात.

## टप्पा ७: खोली, मायक्रोफोन, माणूस

मायक्रोफोन गालाशी राहणारा हेडसेट घ्या. स्टँडवरच्या मायक्रोफोनसमोर तुम्ही डोकं वळवलं की शब्द गायब होतो, आणि या रचनेत डोकं वळतंच. तो थेट तोंडासमोर ठेवू नका, कोपऱ्याला ठेवा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ चे फटके बसतात. ध्वनिचाचणी सर्वांत मोठ्या आवाजाच्या आणि सर्वांत हलक्या बोलण्याच्या अशा दोन जागांवर करा. ‘एक दोन तीन चेक’ म्हणून भागत नाही. झाकण पूर्ण उघडं ठेवायचं की अर्धं, ते शेवटच्या रांगेत माणूस बसवून ठरवा.

पानं. टॅबलेट आणि पायाच्या बटनानं पान उलटणं सोयीचं आहे, पण डावा पाय सॉफ्ट पेडलवरही लागतो. कोणत्या पानावर कोणता पाय मोकळा आहे ते आधी लिहा. पान उलटणारा माणूस घेणार असाल तर त्याला किमान चार तालमी द्या. बोलता बोलता मान हलवून खूण करता येत नाही.

हा माणूस कोण? ऑपेरात पियानिस्ट म्हणजे पाताळाच्या दारातला एक प्रकारचा जोकर, लास वेगासमधल्या लिबराचीसारखा झगमगता वादक. हे वाचलं की अनेक जण विनोदी व्हायला जातात: भुवया उडवणं, चमकदार कोट, प्रेक्षकांकडे बघून हसणं. या दृश्यात एका माणसाची छाया मृत्यूनंतर खाली उतरते आहे. तो झगमगाट भयाण आहे. माझा सल्ला असा की मैफलीत काहीही वेगळं घालू नका, चेहरा स्थिर ठेवा, आणि विचित्रपणा वाजवण्यातूनच येऊ द्या. ऑपेराच्या पूर्ण प्रयोगात दिग्दर्शक सांगेल ते करा, पण तेही टप्पा ५ पूर्ण झाल्यावर. हात-तोंड जुळण्याआधी हालचाल बसवली तर तिन्ही सैल राहतात.

ध्वनिमुद्रणं कधी ऐकायची? २००४ च्या पहिल्या प्रयोगात हे दृश्य निकोलस हॉजेस यांनी सादर केलं होतं आणि संपूर्ण ऑपेराची ध्वनिमुद्रिका एनएमसी या ब्रिटिश कंपनीनं काढली आहे. ती टप्पा ३ पूर्ण झाल्यावर ऐका. आधी ऐकलीत तर त्यांचे श्वास आणि त्यांचा आवाज तुमच्या तोंडात बसतो, आणि तुमच्या शरीराला ते श्वास पुरत नाहीत.

## शेवटचे दहा दिवस

नवीन काही दुरुस्त करू नका. रोज एकदाच सलग वाजवा, तेही कार्यक्रमाच्या वेळेला. सलग वाजवताना थांबणं नाही. चूक झाली की ठरवलेला थर सोडा आणि रेघेवर परत या. उरलेल्या वेळात फक्त तुकडे, पाचव्या पायरीवर, आवाज न काढता.

दोन तालमी प्रेक्षकांसमोर घ्या, चार-पाच माणसं पुरेत. एक तालीम जेवल्यावर लगेच घेऊन बघा, म्हणजे भरल्या पोटी श्वास कुठे तोकडा पडतो ते कळेल, आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी जेवण तीन तास आधी उरका. दूध, दही त्या दिवशी टाळलेलं बरं असा अनेक बोलणाऱ्यांचा अनुभव आहे. तुमच्या घशाला काय चालतं ते तालमीतच पाहून घ्या. पाण्याची बाटली बाकाच्या उजवीकडे जमिनीवर ठेवा, पियानोवर नाही. शेवटच्या दिवशी स्कोअरवरच्या खुणांपैकी आता न लागणाऱ्या खोडून टाका: डोळ्यांना फक्त श्वास, उभ्या रेघा आणि परत येण्याच्या जागा दिसाव्यात.